रंगवलेलं आभाळ

॥ ॐ नमः शिवाय ॥

कडा, ता. आष्टी
रविवार, १४ डिसेंबर २०२५

प्रिय शिवांजली,

शरणार्थ.

आम्ही इकडे बरे आहोत. कारखान्याचं गाळप जोरात चालू आहे, रस्त्याने उसाच्या ट्रॅक्टरांची रांग आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी. ह्यांचा गुडघा थंडीने धरलाय, पण ड्युटी सोडत नाहीत. आईला सांग, तिने पाठवलेला काळा मसाला मिळाला, तिखट झालाय पण वास छान आहे. तुझ्या वर्षाराणीला पत्र्याची डबी आवडली का? त्यातली बदामाची बिस्किटं संपली की तिला पेन्सिली ठेवायला होईल.

तुझ्या पत्त्यावर मी आजवर फक्त राखीच पाठवली. मघाशी पाकीट घेतलं आणि सवयीने हाताने आधी महांतेशचंच नाव लिहिलं. ते पाकीट बाजूला ठेवलं, दुसरं घेतलं. का बाजूला ठेवलं ते पुढे लिहिते.

फोनवर बोलता आलं असतं, पण तू फोन स्पीकरवर ठेवतेस आणि आई शेजारी बसलेली असते. शिवाय फोनवर तू एकच विचारतेस, "अक्का, सोडलं ना?" आणि मी म्हणते, सगळं नीट झालं. मग आपण तुरीच्या भावावर बोलायला लागतो.

नीट झालेलं नाही, शिवांजली.

आता क्रमाने लिहिते. काही गोष्टी तुला माहीत आहेत, तरी लिहिते, कारण क्रम सुटला तर मलाच उमजायचं नाही.

मी आत्ता जाऊन आले ती चीनकडच्या मकावची सहल महांतेशची होती. ज्या वर्षी त्याने कंपनीचं कापसाचं बियाणं तालुक्यात सगळ्यांत जास्त विकलं, त्या वर्षी त्याला ती मिळाली. मग कोरोनात सगळं बंद पडलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात तोच गेला. राहिलेल्या सहली कंपनीने यंदा पूर्ण केल्या. दुकान तू चालवतेस, जायचं तूच होतं. पण तू म्हणालीस, "मी न्हाई जायची. तुमी जावा अक्का. त्याच्या रक्ताचं कुणीतरी जाऊ द्या." आणि मी दिंद्रुडहून निघताना देव्हाऱ्यातला तो चांदीचा चौका, त्याच्या लिंगाची डबी, माझ्या ओंजळीत ठेवलास.

आपल्या लिंगायतांत माणूस गेला की त्याचं इष्टलिंग त्याच्या तळहातावर ठेवून त्याला मातीत बसवतात. अप्पांना आपण तसंच बसवलं, विहिरीजवळच्या तुकड्यात. महांतेशला ते मिळालं नाही. त्या उन्हाळ्यात दवाखान्यातून माणूस घरी न्यायचा नाही, असाच नियम होता. तिकडेच अग्नी दिला, आणि अंगावरच्या वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत घालून आपल्या हातात दिल्या. घड्याळ, अंगठी आणि लिंग. जन्मल्यापासून जे गळ्यातून एकदाही उतरलं नव्हतं, ते तिथे उतरलं. स्वामींनी सांगितलं होतं, मातीत द्या किंवा वाहत्या पाण्यात सोडा, पण घरात ठेवून घेऊ नका. तू ठेवलंस. रोज सकाळी तुझी पूजा झाली की तेही डाव्या तळव्यावर घेऊन त्याच्या वतीने बेल वाहतेस. मातीचं नाव काढलं की उठून जातेस. "शेतात गेलं की रोज दिसल," म्हणतेस. म्हणून समुद्र. लांबचा, पुन्हा कधी बघावा न लागणारा.

मी तो चौका माझ्या गळ्यात घातला, माझ्या लिंगाशेजारी. मुंबईच्या विमानतळावर तपासणाऱ्या मुलीने दोन्हींवर बोट ठेवलं. मी म्हटलं, देव आहे. ती म्हणाली, दोन? मी म्हटलं, एक माझा, एक भावाचा. तिने सहज विचारलं, भाऊ कुठे आहे. आता तिला काय सांगायचं? मागे रांग लागलेली. मी हाताने पुढे दाखवलं, विमानाकडे.

हे मी का केलं असेल, याचा मी नंतर फार विचार केला.

आमच्याबरोबर कंपनीचा प्रवीण होता, तोच जो तुझ्या दुकानावर येतो. गुणी पोरगा आहे. पण त्याच्या यादीत माणसांची नावं नव्हती, दुकानांची होती. आपल्या दुकानाची पाटी 'महांतेश कृषी सेवा केंद्र'. मग प्रत्येक वेळी बसमध्ये बसलो की तो घाईत ओरडायचा, "महांतेश!" आणि मी म्हणायची, हजर. पहिल्यांदा मी मागे वळून पाहिलं. मग सवय झाली. सवय झाली हेच वाईट झालं. आपण घरात ते नाव मोठ्याने घेत नाही, निदान दिवेलागणीला तरी नाही. तिथे ते दिवसातून कितीदा तरी हाक मारल्यासारखं घेतलं जात होतं, परक्या मुलखात, आणि उत्तर देणारं कुणी तरी होतं.

खोलीत माझ्याबरोबर शिरूर कासारची पंचशीला होती. तिचं स्वतःचं दुकान आहे, शेतीचा डिप्लोमा केलेली. बोलायला फटकळ आणि मनाने लई चांगली. तिच्या गावची निम्मी घरं ऊस तोडायला आमच्या कड्यापर्यंत येतात, त्यामुळे ओळख निघायला वेळ लागला नाही. विमानात बसल्या बसल्या मला म्हणाली, "अक्का, आमच्या मालकांनी बजावलंय, जुगाराच्या टेबलाला हात लावू नकू. मी म्हणलं, दरसाल पावसावर लावतो तेवढा बास हाय."

मकाव हे गाव कसं आहे सांगू? सगळं गाव जुगारावर चालतं आणि जुगार न खेळणाऱ्याला तिथे राजासारखं राहता येतं. हॉटेलांच्या बसगाड्या फुकट. एका हॉटेलातून बसायचं, दुसऱ्यात उतरायचं, आत थंडगार, पायाखाली मऊ गालिचा, कुणी विचारत नाही कोण तुम्ही. एका तळ्यात कारंजी गाण्यावर नाचतात, तेही फुकट. मिठाईच्या गल्लीत दुकानदार स्वतः हाताला धरून बिस्किटाचे तुकडे खायला देतात. पंचशीलाने त्या गल्लीतून एक चक्कर मारली आणि मला म्हणाली, चला, उलट्या बाजूनं आलो तर वळखायचे न्हाईत. त्यांची ती अंड्याची पिवळी वाटी सगळे खात होते, मी खाल्ली नाही. तिने माझ्या वाटणीचीही खाल्ली.

आमच्यातले पुरुष सकाळी नाश्ता झाला की टेबलांकडे जायचे. आम्ही दोघी हिंडायचो. काळ्यापांढऱ्या दगडांच्या लाटा काढलेला चौक पाहिला, चढावरचं नुसती समोरची भिंत उरलेलं चर्च पाहिलं. समुद्रदेवीच्या देवळात छताला उदबत्तीची मोठमोठी वेटोळी टांगलेली, ती कित्येक दिवस जळत राहतात म्हणे. राख वरून हळू पडत होती. माझ्या खांद्यावर पडली. मी ती बोटाने कपाळाला लावली, विभूती म्हणून. पंचशीला हसली नाही. तिने माझ्या पदराला लागलेली झटकून दिली.

खरं सांगते, मला बरं वाटत होतं. फार वर्षांनी. कुणाचा स्वयंपाक नाही, कुणाची वाट पाहायची नाही. बागेत म्हाताऱ्या बायका हवेत हात फिरवत व्यायाम करत होत्या, मीही मागे उभी राहून हात फिरवले. मनात आलं, महांतेशला हे सगळं फार आवडलं असतं. तुला आठवतंय, दिवाळीत गावात पत्ते रंगायचे तेव्हा तो कधी बसायचा नाही. पाठीमागे हात बांधून उभा राहायचा आणि सगळ्यांची पानं बघायचा. सगळे चिडवायचे, बस की बे, नुसता गिधाडावानी काय उभा. तो म्हणायचा, मला बघण्यातच मजा येती.

समुद्र आमच्या हॉटेलापासून लांब नव्हता. मी पहिल्याच दिवशी सोडून मोकळी होऊ शकले असते. कठड्यापाशी गेलेही होते. पाणी गढूळ होतं, पावसाळ्यातल्या सिंदफणेसारखं. मी चौका हातात घेतला आणि परत गळ्यात घातला. म्हटलं, थोडं त्यालाही बघू दे. सहल त्याचीच आहे. जायच्या दिवशी सोडू.

इथपर्यंत सगळं तुला फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही एका मोठ्या हॉटेलात गेलो. प्रवीणने सांगितलं होतं की आत नदी आहे. आम्हाला वाटलं थट्टा करतोय. आधी तो जुगाराचा हॉल लागला. एवढा मोठा की आपलं दिंद्रुड त्यात मांडता येईल. हजारो माणसं आणि आवाज मात्र फक्त यंत्रांचा. माणसं बोलत नव्हती. पंचशीला वर बघत फिरत होती. म्हणाली, "अक्का, एक बघितलं का? हितं घड्याळ न्हाई. खिडकीबी न्हाई." मी पाहिलं. खरंच नव्हती. बाहेर आम्ही डोळे दिपवणारं ऊन सोडून आलो होतो, ते इथल्या कुणाला ठाऊकच नव्हतं.

एका टेबलामागे पाठमोरा एक माणूस पाठीशी हात बांधून उभा होता, खेळणाऱ्यांची पानं बघत. कंपनीचा पांढरा टी-शर्ट. आमच्यातल्या सगळ्याच पुरुषांना तो दिलेला होता, म्हणून मी लक्ष दिलं नाही. फक्त चालता चालता नाकाला वास आला. बियाण्याला चोळायच्या औषधाचा आणि त्याखाली विभूतीचा. त्या हॉटेलात सगळीकडे अत्तर फवारलेलं, त्यात हा वास. तो वास तुला मी सांगायला नको. त्याचे शर्ट तूच धुतलेस.

मी वळून पाहिलं तेव्हा तिथे दुसरंच कुणी होतं.

मग सरकता जिना चढून वर आलो आणि मी जिन्याच्या टोकालाच थांबले. मागची माणसं मला धडकली.

वर आभाळ होतं. छतावर रंगवलेलं, पण खरं वाटावं असं. फिकट निळं, कडेला गुलाबी, सूर्य नुकता बुडाल्यावर असतं तसं. ढग होते आणि हलत नव्हते. त्या आभाळाखाली घरं, खिडक्यांतून दिवे, आणि मधून हिरव्या पाण्याचा कालवा. त्यात लांबट काळ्या होड्या. उभी राहून एक बाई वल्हं मारत होती आणि तिच्या भाषेत गात होती. दुपारचं टळटळीत ऊन बाहेर, आणि इथे संध्याकाळ. पंचशीला एका दुकानदाराला खुणेने विचारत होती की दिवे कधी मालवता. त्यानेही खुणेनेच सांगितलं, कधीच नाही. इथे नेहमी असंच असतं.

मी रडायला लागले होते. पंचशीलाला वाटलं, मला घरची आठवण आली.

आता जे लिहिते ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तुला सांगायला हवं होतं की नको, ते मला आजही कळत नाही.

महांतेश गेला त्याच्या आदल्या दुपारी दवाखान्यातून त्याचा मला फोन आला होता. तुझा फोन लागत नव्हता, तू आईला घेऊन अंबाजोगाईला होतीस. नर्सने त्याच्या कानाशी धरला असावा. आवाज खोल होता, पण शांत. मला म्हणाला, "अक्का, उजाडलं का गं तिकडं?" मी म्हटलं, अरे दुपार हाय, उनाचा कडाका हाय. तो म्हणाला, "हितं संध्याकाळ सरतच न्हाई. आभाळ लई चांगलंय, पर ढग जागचं हालना. खाली पाणी हाय. बाई गाती होडीत." आणि पुन्हा, "उजाडलं की मला सांग." मग नर्सने फोन घेतला. म्हणाली, ऑक्सिजन कमी झाला की पेशंट असं बोलतात, तुम्ही मनावर घेऊ नका. मी घेतलं नाही. तुला सांगून काय होणार होतं? तुझ्या जिवाला आणखी एक घोर.

तेच आभाळ होतं, शिवांजली.

मी स्वतःची समजूत घालून पाहिली. कंपनीने सहलीचं पोस्टर दिलं होतं, ते अजून तुझ्या गल्ल्यामागच्या भिंतीला आहे. बंदच्या काळात तो दुकानात एकटा बसून तेच बघत असणार. त्या पोस्टरवर ही होडी आणि हे आभाळ असेल, आणि तापात तेच डोळ्यांपुढे आलं असेल. मला आठवतं तसं पोस्टरवर फक्त एक सोनेरी उंच इमारत आहे. पण माझी आठवण कच्ची असू शकते. तू एकदा पाहून ठेव. त्यावर होडी असली तर मला सांग, मी निवांत होईन. नसली तर काही बोलू नकोस.

पंचशीला कॉफी घ्यायला गेली. मी कालव्यावरच्या लहान पुलावर उभी होते. वर ते आभाळ, खाली पाणी, त्याला आपल्या टाकीत टाकतात तसा क्लोरीनचा वास. एक होडी येत होती. वल्हवणारी बाई पुढे उभी, आणि मागच्या लाल गादीवर एकटा माणूस बसलेला, माझ्याकडे पाठ करून. होडी अशी वळून आली की मला आधी त्याची पाठच दिसली. पांढरा टी-शर्ट. डाव्या कानामागे केस न उगवलेला तो डाग, लहानपणी चिंचेवरून पडला होता तिथला.

मग होडी सरळ झाली आणि मला त्याचा हात दिसला.

डावा हात छातीपाशी धरलेला. तळवा वर, बोटं किंचित मुडपलेली, कोपर अंगाला चिकटलेलं. आपण पूजेला धरतो तसा. तू रोज धरतेस, मी रोज धरते, चुकणं शक्य नाही. नजर तळव्यावर. आणि तळवा रिकामा.

त्याने वर पाहिलं नाही. होडी पुलाखाली शिरायला आली, तेव्हा खालून आवाज आला, अगदी जवळून, फोनवर आला होता तसाच.

"अक्का, उजाडलं का?"

माझ्या हातांनी काय केलं ते मला नंतर कळलं. मी गळ्यातला चौका काढला होता आणि कठड्यावरून वाकून त्या तळव्यावर सोडला होता. पाण्यात पडल्याचा आवाज आला नाही. मी पुलाच्या दुसऱ्या बाजूला धावले. होडी बाहेर आली. बाई गात होती. मागची गादी रिकामी होती.

त्या क्षणी मला भीती वाटली नाही. बरं वाटलं. वाटलं, मिळालं त्याचं त्याला. समुद्र नको, माती नको, त्याने स्वतः येऊन घेतलं. पंचशीला कॉफी घेऊन आली तर मी हसत होते. ती म्हणाली, चेहरा पांढरा पडलाय तुमचा, बसा. त्या दिवशी घरी फोन केला तेव्हा मी तुला 'सगळं नीट झालं' म्हटलं, ते खोटं नव्हतं. तेव्हा मला तसंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. आम्ही सामान बांधत होतो तर प्रवीण दारात आला, बरोबर त्या मोठ्या हॉटेलचा एक माणूस, कोटातला, फार अदबशीर. प्रवीण म्हणाला, "अक्का, तुमचं काहीतरी पडलं होतं काल." त्या गावात माणसापेक्षा कॅमेरे जास्त. कुणी काय टाकलं, ते कुणाचं, कुठल्या सहलीबरोबर आलंय, सगळं त्यांना सापडतं. तुमचंच आहे ना याची खात्री करायला त्याने हातातल्या पडद्यावर ते चित्र लावलं. मी नको म्हणत होते. पंचशीला माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिला मी काहीच सांगितलेलं नव्हतं. महांतेशचं नाव ती फक्त यादीतलं दुकान म्हणून ओळखत होती.

पडद्यावर पूल दिसला, पुलावर मी. मग होडी. मी डोळे मिटले. मला वाटलं, आता ती गादी रिकामी दिसेल आणि मला वेड लागलंय एवढं तरी पक्कं होईल. ते मला चाललं असतं.

पंचशीला म्हणाली, "ह्यो मागं बसलेला आपल्यातलाच हाय की. कोण हाय? असा हात धरून कावून बसलाय?"

प्रवीण महांतेशला ओळखत होता. त्याने पडदा बंद करून त्या माणसाकडे दिला.

कोटातल्या माणसाने खिशातून रुमालात गुंडाळलेला चौका काढला, दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला आणि वाकला. मी प्रवीणला विचारलं, पाण्यात सापडला का. त्याने विचारून सांगितलं, पाण्यात नाही. होडीच्या गादीवर होता. वल्हवणाऱ्या बाईला सापडला, होडी किनाऱ्याला लागल्यावर.

म्हणजे मी नेमका त्याच्या तळव्यावर सोडला होता, शिवांजली. आणि त्याला तो धरता आला नाही.

परतीच्या बसमध्ये प्रवीणने यादी काढलीच नाही. एकेकाकडे बघत पुढे गेला. माझ्यापाशी आल्यावर हळूच म्हणाला, "अक्का, बसलात ना?" मी हो म्हटलं. वाटेत समुद्र लागला, तो लांबलचक पूल, दोन्ही बाजूंना पाणीच पाणी. काच उघडत नव्हती. उघडली असती तरी मी सोडलं नसतं.

मुंबईहून मी दिंद्रुडला न येता सरळ कड्याला आले, सामान प्रवीणबरोबर पाठवलं, याचा तुला राग आला असेल. माझ्या गळ्यात दोन चौके होते आणि तुझ्यासमोर उभं राहायची हिंमत नव्हती. अजून दोन आहेत. माझं लिंग अंगाला लागून कोमट असतं. त्याचं कधी गरम होत नाही. इथे कारखान्याच्या भोंग्यावर दिवस चालतो, पाळी सुटली की भोंगा, लागली की भोंगा, वेळ कळत नाही असं या गावात कधी होत नाही. तरी दिवेलागण झाली की मी अंगणात येऊन वर बघते. ढग हलेपर्यंत बघत राहते. हे हाका मारतात, चहा गार होतो. परवा एक ढग फार वेळ हललाच नाही, आणि मी तिथेच खाली बसले.

मी खूप विचार केला. मला शास्त्र कळत नाही. मला एवढंच दिसलं की तो तिथे थांबलाय, पत्त्यांत बसत नाही, कुणाला त्रास देत नाही, पाठीशी हात बांधून बघतोय, आणि पूजेची वेळ झाली की तळवा पुढे धरून बसतोय. सकाळ होण्याची वाट बघत. तिथे सकाळ होत नाही. आपण त्याला कुठेही बसवलं नाही, म्हणून त्याने दिसेल ती गादी धरली. आणि त्या आभाळाखाली दिलेलं त्याच्या हाताला लागत नाही. मी देऊन पाहिलं.

त्याचा हात मातीत आहे असं धरून द्यावं लागेल. आपल्याच मातीत. विहिरीजवळ, अप्पांच्या शेजारी. तिथे हात-दीड हात खणलं तरी काळी माती ओलसर लागते, तुला माहीत आहे.

तू म्हणशील, शेतात गेलं की रोज दिसेल. हो, दिसेल. कापूस वेचताना दिसेल, मोटार चालू करायला गेलीस की दिसेल. मी ते तुझ्यासाठी हलकं करू शकत नाही. पण इतकी वर्षं तू जे तळव्यावर घेतेस ते त्याचं आहे, आणि तो तिकडे रिकामा हात धरून बसलाय, हे माहीत असून मी ते तुला देव्हाऱ्यात परत ठेवायला देणार नाही. याबाबतीत मी तुझी नणंद नाही, त्याची बहीण आहे. रागाव. बोलू नकोस माझ्याशी. पण विहिरीपाशी ये.

उद्याचा नाही, पुढचा सोमवार धरलाय. आदल्या दिवशी मुक्कामाला येईन. आईला तू काही सांगू नकोस, मी सांगेन. स्वामींशी बोलले आहे, ते येतो म्हणाले. खड्डा मी घेईन. बेल तू आण. लिंग मात्र माझ्या हाताने ठेवायचं नाही. मी एकदा ठेवून पाहिलं. या खेपेला तुझ्या तळव्यावरून उतरू दे, त्याला त्या हाताची सवय आहे.

सूर्य वर यायला लागला की ठेवायचं. आधी नाही. आणि ठेवताना तू त्याच्याशी एक वाक्य बोल, मोठ्याने. रडलीस तरी चालेल, पण शब्द स्पष्ट येऊ देत. मला ते फोनवर सांगायचं राहिलं, पुलावरही राहिलं. त्याला सांग, उजाडलं.

त्या पहिल्या पाकिटावर त्याचं नाव आहे. तेही घेऊन येते, चौक्याबरोबर मातीत घालू. त्या नावाने आता कुणी हाक मारायची नाही.

तुम्हा दोघांची,
अक्का